मदरबोर्डवाल्यांचा आगाऊपणा

मदरबोर्डच्या खोक्यावर जितकी चित्रं वाढली तितकं आतलं शहाणपण वाढलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती. ड्रॅगन काय, तलवारी काय, कुणाचे तरी लाल डोळे काय... आणि खाली चकचकीत अक्षरांत 'ओव्हरक्लॉकिंगसाठी सज्ज'. माझं भांडण सरळ आहे. ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचंय त्याच्यापुढे हे लोक कुलूप लावून बसतात, आणि ज्याला करायचं नाही त्याच्या प्रोसेसरवर न विचारता करून टाकतात. वर दोन्हीचे पैसे घेतात.

घरच्या मंडळींसाठी (वहिनी, खास तुझ्यासाठी!) आधी थोडं सांगते. प्रोसेसरला एक मूळ ठोका मिळतो, हल्ली तो १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. गुणक ५० असला तर झाले ५००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे त्याला पळवायचं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मूळ ठोका वाढवा किंवा गुणक वाढवा. पण वेग वाढला की प्रोसेसर कधीतरी अडखळतो, मग त्याला व्होल्टेज जास्त द्यावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर त्याच वेगाला वीज २१ टक्के जास्त लागते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. झालं, एवढंच शास्त्र.

आता हे उद्योग लोक करायचे कशाला? पैसे नव्हते म्हणून! हे आजच्या पोरांना खरंच वाटत नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, किंमत १४९ डॉलर. त्याच सुमाराला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू आला, तो ६६९ डॉलरला. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की ४.५ गुणिले १००, म्हणजे ४५०! आणि बहुतेक नग ते निमूट सोसायचे. शिवाय १०० ला एक छुपा फायदा होता. बोर्ड त्याचा तिसरा भाग करून पीसीआय बसला बरोबर ३३ मेगाहर्ट्झ द्यायचा, त्यामुळे हार्ड डिस्क, साउंड कार्ड सगळं खूश. मधलाच ८३ चा आकडा लावला तर पीसीआय ४१ च्या वर जायची आणि हार्ड डिस्कवरच्या फायलींचा भुगा होण्याची भीती. म्हणजे जास्त वेग कमी वेगापेक्षा सुरक्षित होता. ही गोष्ट मला अजूनही फार आवडते.

ॲबिटच्या बीएच६ बोर्डावर हे सगळं बायॉसमधूनच करता यायचं, जंपर शोधत टॉर्च घेऊन आत डोकं घालावं लागायचं नाही. ज्यांच्या बोर्डावर ती सोय नसे, ते प्रोसेसर कार्डाच्या बी२१ या एका पिनवर चिकटपट्टी लावायचे किंवा नेलपॉलिश फासायचे. पिन झाकली की बोर्डाला वाटायचं हा १०० वालाच आहे. १९९९ मध्ये आमच्या पुण्याच्या कॉलेजातली दोन अत्यंत गंभीर मुलं माझ्याकडे नेलपॉलिश मागायला आली होती. मैत्रिणींनी आठवडाभर काय काय तर्क केले ते इथे लिहीत नाही :-)

तर तेव्हा बोर्डावरची सोय म्हणजे काय, तर कमी पैशाच्या माणसाला मिळालेली एक खिडकी. ती बंद कशी झाली ते बघा.

२०११ च्या जानेवारीत इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली. मूळ ठोका देणारं घड्याळ चिपसेटमध्ये गेलं आणि सगळ्या बस त्यालाच बांधल्या गेल्या. ठोका जरा जास्त वाढवला की यूएसबी, साटा, सगळीच बोंब. उरला गुणक, तो मोकळा फक्त नावाच्या शेवटी 'के' असलेल्या महाग प्रोसेसरांना, आणि तोही ठरावीक चिपसेटवर. त्यातला विनोद असा की पी६७ बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग करता यायचं, पण प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स वापरता यायचं नाही. एच६७ वर ग्राफिक्स चालायचं, पण ओव्हरक्लॉकिंग नाही. दोन्ही हवं असेल तर थांबा मे महिन्यापर्यंत, झेड६८ येतोय! एका दुकानात वरण, दुसऱ्यात भात, आणि वरणभात चार महिन्यांनी.

पुढे स्कायलेकमध्ये मूळ ठोका पुन्हा मोकळा झाला. २०१५ च्या डिसेंबरात ॲझरॉकने असं बायॉस दिलं की 'के' नसलेले स्वस्त प्रोसेसरही पळायला लागले. दोन महिन्यांत, २०१६ च्या फेब्रुवारीत, नव्या बायॉसमधून ती सोय गायब. म्हणजे सिलिकॉनला जमत होतं, बोर्डाला जमत होतं, फक्त गिऱ्हाइकाला परवानगी नव्हती. २०२४ च्या शेवटी आलेल्या इंटेलच्या पिढीतही हीच रचना आहे: गुणक वाढवायचा तर 'के' प्रोसेसर आणि 'झेड' बोर्ड, जोडीनेच घ्या. एएमडीचं मी कौतुक करीन, त्यांच्या बी३५० पासून बी६५० पर्यंतच्या मधल्या बोर्डांवर ही मुभा आहे. अगदी खालच्या ए३२०, ए५२० किंवा ए६२० वर नाही.

या कुलपाचा फायदा कुणाला होतो ते आमच्या घरातच दिसलं. भाच्याला इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता, दुकानदाराने यादी करून दिली आणि त्याने ती मला पाठवली, "आत्या, एकदा बघ ना." यादीत प्रोसेसर 'के' नसलेला. बोर्ड मात्र झेड७९०, रंगीत दिव्यांचा, वर 'एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकिंग'. बी७६० वर तोच प्रोसेसर तितकाच पळला असता, आणि रॅमचं प्रोफाइलही चाललं असतं. फरक दहा-बारा हजारांचा. झेड बोर्डाला यूएसबी आणि एसएसडीच्या जागा जास्त असतात हे मान्य, पण पोराला एक एसएसडी आणि एक पेनड्राइव्ह लावायचाय! दादा, हे वाचत असशील तर लक्षात घे, ते पैसे तुझ्या खिशातून चालले होते आणि त्यातून मिळणार होतं एक असं बटण, जे दाबता येत नाही.

बरं, 'के' आणि 'झेड' जोडीने घेतलं तरी खोक्यावरच्या कोणत्या गोष्टीला अर्थ आहे? सगळ्यात आधी व्हीआरएमला. प्रोसेसरभोवती ज्या काळ्या चौकोनी वड्या आणि त्यांच्यावर धातूचे ठोकळे दिसतात ते. पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा. इंटेलच्या आय९-१३९००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. १.२ व्होल्टला भागून बघा, २१० अँपिअर येतात. आपल्या बाथरूममधल्या गिझरचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं! एवढा प्रवाह एकट्याला झेपत नाही, म्हणून तो 'फेज'मध्ये वाटतात. पालखीचे भोई आळीपाळीने खांदा देतात तसं. आता कंपन्या काय करतात, तर दोन भोई एकाच वेळी एकाच खांद्याला लावतात आणि खोक्यावर पाळ्या दुप्पट लिहितात. '१६ फेज' म्हणजे कधी कधी ८ फेज, जोड्या लावलेल्या. त्यात वाईट काही नाही, ओझं वाटलं जातंच. पण मग तसं लिहा ना!

दुसरं उदाहरण लोड-लाइन कॅलिब्रेशनचं. प्रोसेसरवर एकदम काम आलं की व्होल्टेज किंचित खाली येतं, ते किती सावरायचं याची ही पातळी. जास्त सावरलं तर काम संपताक्षणी व्होल्टेज वर उसळी मारतं, म्हणजे ही नाजूक जागा. आणि इथे एका कंपनीची पातळी १ सगळ्यात सौम्य, दुसरीची पातळी १ सगळ्यात कडक! गॅसच्या बटणावर एका कंपनीने 'मोठा' जिथे लिहिलं तिथे दुसरीने 'बारीक' लिहावं, तसा प्रकार. एकमेकांच्या खोक्यांची नक्कल करायला यांना वेळ मिळतो, यावर एकमत करायला मिळत नाही.

असो. आता दुसरी बाजू, न विचारता करण्याची. हे मला कुलपापेक्षा जास्त खटकतं.

साधारण २०१२ पासून बोर्डवाल्यांनी एक युक्ती काढली. प्रोसेसरचा जो सर्वोच्च वेग एकाच कोरला, थोडा वेळ मिळायला हवा, तो सगळ्या कोरना कायमचा देऊन टाकायचा. नाव ठेवलं 'मल्टिकोर एन्हान्समेंट'. कित्येक बोर्डांवर ते मुळातच चालू. का? तर परीक्षणांत आपला बोर्ड दोन टक्क्यांनी पुढे दिसावा म्हणून. पुढे तर वीजमर्यादेच्या रकान्यात ४०९५ वॅट दिसायला लागले. चार हजार पंच्याण्णव! एवढ्यात दोन गिझर चालतील. अर्थात तेवढी वीज कुणी खात नाही, त्या रकान्यात मावणारा तो सगळ्यात मोठा आकडा आहे, त्याचा अर्थ 'मर्यादाच नाही'. पण ज्याने विकत घेऊन फक्त चालू केलं, त्याला हे कुणी सांगितलं?

२०२४ मध्ये यातलं बरंच उघड्यावर आलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर डळमळायला लागले, गेम बंद पडायचे, कॉम्प्युटर कोसळायचे. मी इथे बोर्डवाल्यांच्याच माथी सगळं मारणार नाही, कारण इंटेलचं स्वतःचं मायक्रोकोडही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होतं, आणि ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारी दुरुस्ती त्यांनाच द्यावी लागली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पण सप्टेंबरमध्ये त्यांनी जी कारणं सांगितली, त्यांत बोर्डांच्या मर्यादेबाहेरच्या वीज-सेटिंगचं नाव होतंच. आणि झालेली झीज बायॉस बदलून भरून येत नाही. त्याआधी २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचे रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाल्याचे फोटो आले होते. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की बोर्ड एसओसी व्होल्टेज स्वतःहून वाढवत होते. शेवटी एएमडीला १.३ व्होल्टचा अटकाव करावा लागला.

रॅमच्या प्रोफाइलचं तर वेगळंच ढोंग. एक्सएमपी खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, तेच चालू करा म्हणतात. आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत तेच ओव्हरक्लॉकिंग ठरतं. म्हणजे जाहिरातीत सोय आणि तक्रारीच्या वेळी तुमचा अपराध.

कुणी म्हणेल, हल्लीचे प्रोसेसर आधीच टोकाला पळतात, मग ओव्हरक्लॉकिंगसाठी एवढं कशाला भांडायचं? बरोबर आहे, आता हातात फार तर पाच टक्के पडतात. म्हणूनच मला उलट्या दिशेची मुभा हवी आहे. व्होल्टेज थोडं कमी करायचं, वेग तेवढाच ठेवायचा. नागपूरच्या मे महिन्यात, पंखा गरगरत असलेल्या खोलीत, त्याची किंमत कळते. पण इंटेलच्या 'के' नसलेल्या प्रोसेसरांवर, मधल्या बोर्डांवर, अनेकदा तेवढंही धड करू देत नाहीत. थंड चालवायलाही महाग बोर्ड!

माझ्यासारखीला बोर्डावर काय हवंय? मागे क्लिअर सीमॉसचं बटण, म्हणजे चुकीचं सेटिंग पडलं तर स्क्रू न काढता परत येता येतं. दोन आकड्यांचा एरर दाखवणारा दिवा. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायॉस भरायची सोय. व्हीआरएमवर खराखुरा, पंख्यांचा ठोकळा, नक्षीदार टोपी नव्हे. आणि खोक्यावर एक ओळ: 'हा बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर प्रोसेसरला इतके वॅट देतो.' एवढी एक ओळ छापायला ड्रॅगनची शेपटी थोडी आखूड करावी लागेल.

भाच्याने बी७६० घेतला. पहिल्या दिवशी फोनवर त्याच्याकडून बायॉस उघडून घेतलं, मल्टिकोर एन्हान्समेंट बंद, वीजमर्यादा इंटेलच्या आकड्यावर. उरलेल्या पैशांत दादाने त्याला यूपीएस घेऊन दिला, आणि वहिनी म्हणते तिच्या मिक्सरचं काय.