तुमची सायकल लाल नव्हती

माझी मावसबहीण नर्स आहे. सोलापुरात एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सहा वर्षं काम करतेय. आता तिला इंग्लंडला जायचंय. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणीसाठी आयईएल्टीएस दिली, तर बोलण्याच्या चाचणीत ७ बँड लागतो. म्हणून तिने क्लास लावलाय आणि सरावासाठी रात्री ड्युटी संपली की मला फोन करते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर कॉलवर इंग्रजी बोलतो, एवढीच माझी पात्रता.

एका रात्री मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर यंग?’ क्लासने आधीच बजावलं होतं की इथे बाइक म्हणजे सायकल, मोटरसायकल नव्हे. त्यामुळे ती अडखळली नाही. एका दमात म्हणाली, ‘येस, आय वॉज द प्राउड ओनर ऑफ अ शायनी रेड बायसिकल, व्हिच माय फादर गिफ्टेड मी ऑन माय बर्थडे. रायडिंग इट इन द पार्क टेक्स मी डाउन मेमरी लेन.’

तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, मी चांगला ओळखतो. त्यांनी जन्मात कुणाचा वाढदिवस केलेला नाही. बार्शी तालुक्यातल्या त्यांच्या गावात पार्क नव्हता, आजही नाही. मी विचारलं, ‘लाल सायकल कधी होती गं तुझ्याकडे?’

‘अरे दादा, नव्हतीच. सरांनी इम्प्रूव्ह करून दिलंय.’

माझं भांडण या ‘इम्प्रूव्ह’शी आहे.

क्लासवाल्यांचा बचाव मला माहीत आहे, आणि तो पूर्ण खोटा नाही. परीक्षक खरंखोटं तपासत नाही. चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते आणि गुण चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. सायकल लाल होती की काळी, याला गुण नाहीत. मग खोटं बोललं तर बिघडलं काय? नैतिक अंगाने मीही फार ताणणार नाही. व्हिसासाठी, घरभाड्यासाठी, लग्नासाठी माणसं याहून मोठं खोटं बोलतात.

पण निव्वळ कामाचं बोलायचं तरी हा सल्ला वाईट आहे. आमच्या धंद्यात नवखा प्रोग्रॅमर कधीकधी एक चलाखी करतो. टेस्टला जे उत्तर हवं, तेच थेट कोडमध्ये लिहून टाकतो. टेस्ट पास होते. इनपुट जरा बदललं की सगळं कोसळतं. मी बहिणीला पुढचा प्रश्न विचारला, ‘मागे कोण बसायचं तुझ्या?’ ती गप्प. लाल सायकलच्या मागे कुणीच बसलेलं नव्हतं, कारण ती सायकलच नव्हती. आठवायला काही नसलं की ओघ येणार कुठून? त्याच परीक्षेच्या जाहीर निकषांत, पाठ केल्यासारख्या वाटणाऱ्या वाक्यांचा उल्लेख येतो तो खालच्या बँडच्या वर्णनात. १५ हजारांच्या वर फी भरून आपण परीक्षकाला नेमकं तेच ऐकवायला जातो.

मग मी म्हटलं, खरं सांग. तिने सांगितलं. वडिलांची काळी, उंच, मधली दांडी असलेली सायकल. पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायची. हँडलला दुधाची किटली, कॅरिअरवर धाकटा भाऊ. सकाळी दूध डेअरीवर घालायचं आणि येताना त्याला शाळेत सोडायचं. एकदा चढावर चेन पडली, किटली कलंडली, अर्धं दूध रस्त्यावर. घरी मार बसेल म्हणून दोघं तासभर चिंचेखाली बसून राहिली.

हे तिने मराठीत सांगितलं. मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत. सुरुवात अशी झाली: ‘माय लेग नॉट रीचिंग, सो आय पुट लेग अंडर द...’ आणि थांबली. दांडीला काय म्हणतात, ते तिला माहीत नव्हतं. क्रॉसबार. तिला एक शब्द हवा होता आणि क्लासने सायकलच बदलून दिली.

गंमत बघा. पेडल, हँडल, चेन, कॅरिअर, ब्रेक, मडगार्ड, पंक्चर. आपल्या गावातली सगळी सायकल आधीपासून इंग्रजीतच आहे. ‘डबलसीट’ तेवढं तिकडे चालणार नाही. पण ब्रिटिश पोरंही मित्राला मागे बसवतातच, त्याला बोलीत ‘बॅकी’ म्हणतात. म्हणजे अनुभवही तिकडच्यांना परका नाही. तरी आपला शिक्षक हा अनुभव खोडून तिथे पार्क घालतो.

का घालतो? माझ्या मते व्याकरण हे त्याचं खरं कारण नाही. त्याला लाज वाटते. दूध घालायला जाणारी मुलगी इंग्रजीत शोभत नाही, असं त्यालाच कुणीतरी कधीतरी शिकवलंय. भाषेतली चूक दुरुस्त करता करता तो आयुष्यच चूक म्हणून खोडतो. शिकणाऱ्यालाही कळत नाही की आपली नेमकी चूक कोणती होती, काळ चुकला की बाप.

एक आक्षेप मी मान्य करतो. ज्याला वाक्यच जुळवता येत नाही, त्याला ‘खरं बोल’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. मदत हवीच, फक्त ती त्याच्या मालावर व्हावी. आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, काळ: रोजची जुनी सवय सांगायची तर ‘यूज्ड टू’, एकदाच घडलेलं सांगायचं तर साधा भूतकाळ. दुसरी, अडलेला शब्द शोधायचा, आणि नाहीच सापडला तर वस्तूचं वर्णन करायचं. तेही भाषेचंच कौशल्य आहे. तिसरी, ‘का’ विचारायच्या आधीच एक कारण जोडायचं. आणि ज्याच्याकडे सायकल नव्हतीच, त्याने खुशाल ‘नो’ म्हणावं. तासाच्या भाड्याने आणायचो, हे पुरेसं उत्तर आहे.

क्लास चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: छापील उत्तरं वाटण्याआधी प्रत्येकाला त्याच्या सायकलबद्दल पाच प्रश्न मराठीत विचारा. त्याला जास्त वेळ लागतो आणि एकच झेरॉक्स तीस जणांना चालत नाही, हे मला ठाऊक आहे. फी त्याचीच घेता ना?

बहिणीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ‘स्पिल्ड’ म्हणताना ती अजून अडखळते. सात येतील की नाही, सांगता येत नाही. पण काल मी विचारलं, मागे कोण बसायचं, तर ती चार मिनिटं थांबली नाही. शेवटी मलाच म्हणावं लागलं, बास, परीक्षक इतका वेळ देणार नाही.