शेगड्याला तेल नव्हे, मेण!

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी तुये गावातील एका मेस्तांच्या पडवीत जाण्याचा माझा नेम आहे. करवती, रंधे, पटाश्या ओळीने मांडलेल्या असतात. बाकाला जडवलेल्या लोखंडी शेगड्यालाही (पडवीत त्याला सगळे व्हाइस म्हणतात) कुंकू लागते, झेंडूचे फूल चढते आणि शेवटी त्याच्या मळसूत्रावर खोबरेल तेलाची सढळ धार सोडली जाते. गेल्या खेपेस मी ती धार थांबवू पाहिली, तेव्हा मेस्त हसून म्हणाले, "तेलाशिवाय लोखंड चालते काय, भाऊ?" प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो; पण सुताराच्या शेगड्यापुरते त्याचे उत्तर 'होय, चालते आणि अधिक चांगले चालते' असेच आहे. ते सप्रमाण मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शेगड्याची रचना ध्यानात घेऊ. एक जबडा बाकाला पक्का, दुसरा मागेपुढे सरकणारा. मध्ये मळसूत्राचा जाड दांडा, दोन्ही अंगांना त्याला सरळ ठेवणाऱ्या दोन गुळगुळीत दांड्या आणि बाकाखाली आट्यांवर चालणारा नट. लोहाराचा शेगडा आणि सुताराचा शेगडा यांत दिसायला साम्य असले, तरी एक मोठा भेद आहे. सुताराच्या शेगड्यावर दिवसभर भुसा पडतो. करवत चालते ती नेमकी त्याच्या माथ्यावर.

आता या भुशात तेल मिसळले म्हणजे काय होते? तेल भुशाला धरून ठेवते, आट्यांच्या खाचांत त्याचा चिखल होतो आणि दांडा फिरेल तसतसा तो चिखल नटात कोंबला जातो. त्यातून आपल्याकडच्या जुन्या घरांचे लाडके लाकूड म्हणजे सागवान. सागाच्या लाकडात सिलिका असते. सागावर काम करताना हत्यारांची धार लवकर जाते, त्याचे हेच कारण. सिलिकायुक्त भुसा अधिक तेल यांचे मिश्रण म्हणजे घासून झिजवण्याचे लुकणच! वंगण म्हणून आपण जे घालतो, तेच नटाचे आटे खाते. शिवाय भुसा हवेतील ओल शोषतो. आषाढ-श्रावणात हा ओला लगदा लोखंडाला चिकटून राहिला, की त्याखाली गंज धरतो. तेल गंज अडवते ही समजूत येथे पुरती उलटते.

हानी शेगड्यापुरती थांबत असती तर एक वेळ सोसली असती. तेलाचे बोट फळीला लागते, थेंब जबड्यावरून ओघळतो. जेथे तेल मुरले तेथे सरस धरत नाही, पॉलिश बसत नाही. महिनाभर खपून केलेल्या दारावर असा एक डाग उमटला, तर दोष मेस्तांच्या हाताला दिला जातो. बिचाऱ्या खोबरेलाचे नाव कोणी घेत नाही.

मग कोणी म्हणेल, खोबरेल नको तर दुसरे तेल वापरू. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते. लाकडाच्या लेपनासाठी हा त्याचा गुण, पण वंगण म्हणून तोच घातक दोष, कारण दांडी चिकटून बसते. खोबरेल वाळत नाही हे खरे. पण ते सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि कालांतराने खवट होऊन त्यात आम्ल वाढते. समईच्या कडेला जमणारा हिरवा कळंक कोणी पाहिलेला नाही? गाडीचे जळके तेल तर लोखंडाचा कीस सोबत घेऊनच येते आणि कातडीलाही अपायकारक असते. फवाऱ्याच्या डब्यांचे सध्या मोठे प्रस्थ आहे. त्यांतील सुप्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत मुळात पाणी हटवण्यासाठी सिद्ध झाले. जाम झालेला दांडा सोडवायला ते उपयोगी. नित्याच्या वंगणाची जागा ते घेऊ शकत नाही. सिलिकॉनचा फवारा तर पॉलिशचा उघड वैरी, त्याच्या स्पर्शाने पॉलिशला खळगे पडतात. ग्राफाइट कोरडे आणि निसरडे खरे, पण ते फिक्या लाकडाला काळे बोट लावते.

उरते ते मेण. साधी पांढरी मेणबत्ती घ्यावी. दोन्ही दांड्या प्रथम टर्पेंटाइनने धुऊन, पुसून कोरड्या कराव्यात आणि त्यांवर मेणबत्ती घासावी. आट्यांतील जुना चिखल दातांच्या जुन्या ब्रशाने काढावा. मेण किसून टर्पेंटाइनमध्ये मुरवावे. विस्तवापासून दूर, फार तर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. लोण्यासारखे मलम झाले, की ते आट्यांत पातळ भरावे. टर्पेंटाइन उडून जाते आणि मेणाचा कोरडा थर मागे राहतो. भुसा त्यावर पडतो, पण चिकटत नाही; फडक्याने झटकला की संपले. मेणही लाकडाला लागू नये हे मान्य. परंतु ते जागा सोडून ओघळत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आमच्या पावसाळ्यात मेण पुरेल काय, अशी रास्त शंका येईल. मेणाचा अखंड थर ओल रोखतो, मात्र तो घासला जातो. म्हणून मिरगापूर्वी एकदा आणि नवरात्रापूर्वी एकदा तो नव्याने द्यावा. जेथे दांड्याचा खांदा पुढच्या जबड्यावर टेकतो, तेथे दाब अधिक आणि भुसा कमी. तेवढ्या एका जागी चिमूटभर ग्रीस अवश्य द्यावे. माझे वैर तेलाशी नाही, अस्थानी तेलाशी आहे.

हा विषय क्षुल्लक वाटणाऱ्यांसाठी एक कबुली देतो. सेवेत असताना एका प्रशिक्षणकेंद्रातील सहा शेगडे 'दुरुस्तीपलीकडे' म्हणून निर्लेखित करण्याच्या प्रस्तावावर मी स्वाक्षरी केली होती. जडसंग्रह नोंदवहीत त्यांची खरेदी होती, किंमत होती, अनुक्रमांक होते. त्यांना काय आणि कधी लावावे, याची एक ओळ कोठे नव्हती. नटांचे आटे झिजून सपाट झाले होते आणि बाकांखाली तेलाचे काळे थर साचले होते. निगा राखली गेली होती, पण चुकीची. मी ते पाहिले आणि सही केली.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. स्वागतच आहे. पण नव्या हत्याराबरोबर त्याच्या निगेचे ज्ञान पोहोचले नाही, तर आपण पुन्हा निर्लेखनाचीच पूर्वतयारी करीत आहोत.

तुयेत औद्योगिक वसाहत झाली, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या घोषणा झाल्या. आपल्या घरांच्या चौकटी मात्र आजही कोणा मेस्तांच्या शेगड्यातूनच निघतात. येत्या खंडेनवमीला त्याला फूल वाहा, कुंकू लावा. तेल मात्र समईत घाला. आणि निघण्यापूर्वी मेस्तांच्या हातावर एक मेणबत्ती ठेवा. ती पेटवण्यासाठी नाही, हेही सांगा.