ऐनवेळचे विषय

ग्रामसभेच्या नोटिशीतला शेवटचा विषय ठरलेला असतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. वडीगोद्रीची घ्या नाहीतर अंबड तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावची, ही ओळ खाली सापडणारच. सभा मात्र पुष्कळदा तिथूनच सुरू होते. ग्रामसेवक मागचं इतिवृत्त वाचायला घेतात आणि मागून आवाज येतो, “ते राहू द्या साहेब, आधी माझ्या निराधारच्या पगाराचं सांगा.” त्यामागे कुणाचा पीकविमा, कुणाचा अडलेला फेरफार, कुणाची जळालेली डीपी. मग वेळ संपत आली की गावचा विकास आराखडा पुढे येतो आणि “मंजूर आहे ना सगळ्यांना?” एवढ्यावर उरकतो.

यात गावाचं मोठं नुकसान होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे असा दंडक होता. कोणत्या वस्तीची पाइपलाइन आधी, कोणती नाली नंतर, हे ठरवायची जागा ग्रामसभा. तिथे चर्चाच झाली नाही तर चार माणसं घरी बसून ठरवतात.

म्हणून विषय सोडून बोलणाऱ्याला आवरावंच लागतं. पण कसं, याची मला काळजी वाटते. निराधारच्या पगाराचं विचारणाऱ्या त्या आजीकडे नीट बघा. हातात कॅरीबॅग, तिच्यात पासबुक, आधारची झेरॉक्स आणि घडीवर फाटायला आलेली अर्जाची पोच. बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसीलवाले म्हणतात बँकेत आधार जोडलंय का बघा. अंबडची एक खेप म्हणजे भाडं गेलं आणि मजुरीही बुडाली. तिच्या मते सगळे साहेब एका जागी सापडतात ते इथेच. तिला “विषयाला धरून बोला” म्हणून खाली बसवलं आणि पोरं हसली, की ती पुढच्या सभेला येत नाही. सुनेलाही येऊ देत नाही.

अशानेच कोरम बुडतो. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा पुरेसा असतो. तोही भरत नाही. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही.

आणखी एक सल आहे. ठेकेदार आपल्या थकलेल्या बिलाचं बोलायला उठला तर त्याला कुणी विषय दाखवत नाही. नियम लावायचा तर आधी त्याला लावा.

या पट्ट्याला एका मागणीवर ठाम बसणं चांगलं ठाऊक आहे. २०२३ मध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीत आणि जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत आरक्षणाच्या प्रश्नावर उपोषणं झाली, दोन्हीकडच्या मागण्या राज्यभर पोचल्या. उपोषणाच्या मांडवात एकच विषय चालतो. ग्रामसभेत येणारा प्रत्येक जण आपापला विषय घेऊन येतो आणि त्याचा तो हक्कच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. सभेआधी तासभर पंचायतीच्या ओट्यावर टेबल लावा. तलाठी, कृषी सहायक, वायरमन तिथे बसू देत. गावात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेला हजर राहण्याची तरतूद कायद्यातच आहे, ती कुणी वापरत नाही एवढंच. वैयक्तिक प्रश्न तिथे वहीत लिहायचा : नाव, काम, कुणाकडे अडलंय, कोणत्या तारखेला उत्तर. विचारणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. सभा सुरू झाल्यावर कुणी उठलंच तर सरपंचांनी म्हणावं, “मावशी, तुमचं वहीत घेतलंय, तलाठी भाऊसाहेब सभा संपल्यावर तुमच्यापाशी बसतील.” आणि ते खरोखर बसले पाहिजेत. पुढच्या सभेत इतिवृत्ताच्या आधी ती वही मोठ्याने वाचायची, कुणाचं झालं आणि कुणाचं कुणामुळे राहिलं, नावानिशी.