कॉफीचें पाणी आणि कॉफीचें जातें

घरोघरची तरुण मंडळी हल्लीं कॉफी उकळीत नाहींत, गाळतात. शंकूच्या आकाराच्या चाळणींत कागद बसवावयाचा, त्यांत कॉफीची भरड घालावयाची आणि वरून गरम पाण्याची बारीक धार धरावयाची, म्हणजे खालच्या पात्रांत थेंबाथेंबानें अर्क उतरतो. या रीतीला पोअर-ओव्हर असें नांव आहे. तिच्याकरितां उपकरणें कोणतीं घ्यावींत व पाणी कसें असावें, अशी पृच्छा या सदराच्या कांहीं वाचकांनीं केली आहे. त्यांतील एका गृहस्थांचें पत्र विशेष विचार करण्याजोगें वाटलें. त्यांच्या चिरंजीवांनीं हौसेनें सर्व साहित्य आणलें. सूनबाई रोज सकाळीं घरच्या मंडळींना कॉफी करून देतात. ती कधीं कडू, कधीं मचूळ होते, आणि दोष अर्थातच सूनबाईंच्या हाताला दिला जातो. त्या म्हणतात, माहेरीं मुंबईस याच बियांची कॉफी उत्तम होत असे. पत्रासोबत साहित्याची यादी आहे. तींत हंसाच्या मानेसारख्या तोटीची विजेची किटली आहे, काचेचें सुरेख पात्र आहे. दळण्याला मात्र घरचा मिक्सर आणि पाणी इमारतीच्या कूपनलिकेचें! खर्चाचा क्रम येथें नेमका उलटा झाला आहे.

ही रीति आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. चरकसंहितेंत औषधी द्रव्यांच्या पांच कषायकल्पना सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. चूर्ण पाण्यांत घालून कढविलें तो शृत, म्हणजे आपला काढा. थंड पाण्यांत रात्रभर भिजविलें तो शीत. आणि उष्णोदकांत घालून, न कढवितां, गाळून घेतलें तो फांट. आपली जुनी उकळलेली कॉफी ही काढा होय. पोअर-ओव्हर हा फांट. शार्ङ्गधरानें फांटाला चूर्णाच्या चौपट पाणी सांगितलें आहे. कॉफीला तें फार थोडें होईल. तिला पंधरा-सोळा पट लागतें.

कागदाची युक्ति मात्र जर्मनीची. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीनें १९०८ सालीं पितळी भांड्याच्या तळाला भोंकें पाडून त्यांत मुलाच्या वहींतला टीपकागद बसविला, आणि कॉफीचा चोथा पेल्यांत येणें थांबविलें. टीपकागदाचा याहून चांगला उपयोग आम्हां शाळामास्तरांच्या पाहण्यांत नाहीं. या कागदाचा आणखीही एक गुण पुढें कळून आला. कॉफींत कॅफेस्टॉल नांवाचें एक द्रव्य तेलाबरोबर असतें. उकळून न गाळलेल्या कॉफींतून तें पोटांत जातें व रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढवितें. कागद तें बव्हंशीं अडवून धरतो. ज्या घरीं वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनीं या बाबतींत ताकीद दिलेली आहे, तेथें या रीतीचा विचार करावयास एवढें कारणही पुरेसें आहे.

पैसा प्रथम खर्चावयाचा तो दळण्याच्या साधनावर. मिक्सरचें पातें दाणा दळीत नाहीं, फोडतें. त्यामुळें एकाच वेळीं थोडें पीठ व थोड्या कण्या अशी मिसळ होते. पिठांतून कडवटपणा लौकर उतरतो, कण्यांतून अर्क पुरता उतरतच नाहीं, शिवाय पीठ कागदाचीं छिद्रें बुजवितें तें निराळेंच. ज्यांनीं आपल्या आजीला जात्यावर दळतांना पाहिलें आहे त्यांना यांतील मर्म सांगावयास नको. दोन पाळ्यांमध्यें जसें अंतर, तसें दळण. कॉफीचें हातानें फिरवावयाचें यंत्र याच तत्त्वावर चालतें. दगडाच्या जागीं पोलादाचे किंवा चिनी मातीचे दांतेरी भाग असतात, आणि मळसूत्र फिरवून त्यांमधील अंतर कमीअधिक करतां येतें. भरड साधारणपणें जाड रव्याएवढी असावी. पाणी झरझर वाहून गेलें व कॉफी आंबट-पाणचट लागली, तर दळण थोडें बारीक करावें. गाळावयास चार मिनिटांहून अधिक वेळ लागून ती कडू झाली, तर जाड करावें. दळण आयत्या वेळींच करावें, हें सांगणें नलगे.

तयार भुकटी घेणाऱ्यांनीं वेष्टनावरील बारीक अक्षरें अवश्य वाचावींत. दक्षिणी फिल्टरकरितां मिळणाऱ्या पुष्कळ भुकट्यांत चिकोरी मिसळलेली असते. कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी ५१ टक्के असली तरी चालतें. दुधाच्या कॉफीला चिकोरी शोभते, या रीतीला नाहीं.

आतां पाण्याकडे वळूं. गाळलेल्या कॉफीच्या पेल्यांत बियांचा अंश शेंकडा सव्वाच्या आसपास असतो. बाकी सर्व पाणीच. आपल्या वैद्यकग्रंथांनीं नदीचें, तळ्याचें, विहिरीचें, झऱ्याचें असे पाण्याचे भेद करून प्रत्येकाचे गुण वेगळे सांगितले आहेत, ते उगीच नव्हे. पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे बियांतील रुचिद्रव्यें ओढून घेण्यास साह्य करतात. इंग्लंडांतील बाथ येथील क्रिस्टोफर हेंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं हें गणितानें दाखविलें. म्हणून अगदीं क्षारहीन पाण्यांत कॉफी पोकळ लागते. उलट, पाण्यांत बायकार्बोनेट फार झालें, तर ताकांत सोडा टाकल्यावर जशी त्याची आंबटी मरते तशी कॉफीची चव मरते व ती मचूळ होते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या संस्थेनें दिलेल्या प्रमाणाप्रमाणें एका लिटरांत विद्राव्य क्षार ७५ ते २५० मिलिग्रॅम असावेत, १५० उत्तम.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचें आणि पुण्याला खडकवासल्याचें पाणी येतें. हें पावसाचें सांठविलेलें पाणी, म्हणून मूळचें सुफेन. असें पाणी उकळून उघडें ठेवावें, म्हणजे क्लोरीनचा वास जातो. याहून अधिक संस्कार त्याला नको. सूनबाईंच्या माहेरची कॉफी कां चांगली होत असे, हें यावरून ध्यानीं येईल. कूपनलिकेचें पाणी बहुधा दुष्फेन असतें. साबणाला फेस न येणें, डाळ लौकर न शिजणें, किटलीच्या तळाला पांढरी खपली धरणें, या त्याच्या खुणा गृहिणींना ठाऊकच आहेत.

यावर पुष्कळ इमारतींतून मिठावर चालणारें यंत्र बसवितात. त्यानें साबणाला फेस येतो. पण तें यंत्र कॅल्शियम काढून त्याच्या जागीं सोडियम घालतें आणि बायकार्बोनेट जसेंच्या तसें राहूं देतें. म्हणजे कॉफीला हवें तें गेलें व नको तें राहिलें! दुसरा उपाय आरओ यंत्राचा. तें बहुतेक सर्वच क्षार काढून टाकतें, आणि शुद्ध पाण्याहून अधिक पाणी मोरींत सोडतें. जेथें पाण्यांत विद्राव्य क्षार लिटरमागें ५०० मिलिग्रॅमांहून कमी आहेत तेथें अशा यंत्रांस मनाई करावी, असें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं केंद्रीय मंत्रालयास सांगितलें होतें. सुफेन पाण्याच्या शहरांत हें यंत्र घेणें म्हणजे पैसे देऊन चव घालविणें होय.

परंतु पत्रलेखकांच्या घरीं तें आहे, व त्यांना त्याची गरजही आहे. त्यांनीं आपण मुलांना शिकवीत असूं तें मिश्रणाचें गणित करावें. क्षार मोजण्याचें छोटें मीटर थोडक्या पैशांत मिळतें. समजा, कूपनलिकेचें पाणी ६०० निघालें, यंत्राचें ४०, आणि हवें १५०. १५० आणि ४० यांतील अंतर ११०. ६०० आणि १५० यांतील ४५०. म्हणून कूपनलिकेचा एक पेला व यंत्राचे चार पेले घेतले कीं मिश्रण १५२ भरतें. कूपनलिकेचें पाणी आधीं उकळून, निववून, वरचें नितळ घ्यावें. उकळण्यानें बायकार्बोनेटचा कांहीं भाग खपलीच्या रूपानें तळाला बसतो. मोजमाप त्यानंतर करावें. मात्र नायट्रेट व फ्लोराइड उकळून जात नाहींत. ज्या विहिरीचें पाणी तपासून पिण्यायोग्य ठरलेलें नाहीं, तें या मिश्रणांतही घेऊं नये. तेथें यंत्राचेंच पाणी वापरावें आणि चवीचा आग्रह सोडावा. मीटर क्षार किती तें सांगतें, कोणते तें सांगत नाहीं.

राहिलेल्या उपकरणांविषयीं फार लिहावयाचें कारण नाहीं. चाळणी प्लास्टिकची असली तर स्वस्त व उष्णता राखणारी. चिनी मातीची आधीं गरम पाण्यानें तापवून घ्यावी. पितळी किंवा तांब्याच्या भांड्याचा मोह होतो, पण कॉफी आम्ल आहे, आंत कल्हई नसेल तर ती कळकेल. कागद गरम पाण्यानें धुवून घ्यावा, नाहीं तर त्याचाच वास उतरतो. एक साधा वजनकांटा मात्र हवा. १५ ग्रॅम भरडीला २४० ग्रॅम पाणी. उकळी थांबल्यावर अर्धा मिनिट थांबून प्रथम तीसेक ग्रॅम पाणी घालावें, भरड फुगूं द्यावी, व अर्ध्या-पाऊण मिनिटानें बाकीचें हळूहळू घालावें. तीन मिनिटांत काम होतें. लांब मानेच्या किटलीनें धार आवरते हें खरें, तथापि अरुंद तोंडाची झारीही तें काम करते. चिरंजीवांचा खर्च होऊन गेला आहे. त्यावरून आतां घरांत बोलाबोल नको.

दहा-बारा पानांच्या घरांत सकाळच्या घाईंत सर्वांना ही कॉफी करून देणें एकट्या सूनबाईंवर टाकूं नये. एका वेळीं एक-दोन पेलेच नीट होतात. ज्याला हवी त्यानें आपली धार आपण धरावी. जे दूध-साखर घालून पितात त्यांनीं या खटाटोपांत पडण्याचें कारण नाहीं. दुधांत तिची चव लपून जाते. त्यांच्याकरितां पितळी किंवा पोलादी दक्षिणी फिल्टरच बरा. त्याला पाणी हेंच चालेल; दळण मात्र अधिक बारीक लागेल.