कठीण तें सारेंच बळकट नव्हे

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें वर्गांत मोडका विळा आणला होता. विळा नवा, धार उत्तम. परंतु गवत कापतांना दगडावर आपटतांच तो कांचेसारखा तुटला. "लोखंडच खोटें असेल," असें मुलाचें म्हणणें. आम्हीं त्यांतील एक तुकडा भट्टींत लाल करून राखेंत सावकाश निवूं दिला. तोच तुकडा मग हातोडीखालीं न मोडतां वांकला. लोखंड खोटें नव्हतें. पाणी देण्यांत चूक झाली होती.

पोलादाची पारख लोक बहुधा त्याच्या कठीणपणावरूनच करितात. ही पारख अपुरी आहे, व घर बांधणाऱ्यास ती घातक ठरूं शकेल, असें आमचें मत आहे.

पोलाद म्हणजे लोखंडांत मिसळलेला थोडा कार्बन, बहुधा शेंकडा एकाहूनहि कमी. डोळ्यांस तें एकजीव दिसतें, पण तें सूक्ष्म कणांचें बनलेलें असतें. १८६३ सालीं शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनीं पोलाद घासून आरशासारखें केलें, त्यावर सौम्य अम्ल लाविलें आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ही रचना पाहिली. सावकाश निवलेल्या पोलादांत फेराइट नांवाचे मऊ कण असतात, तसेच मऊ व कठीण पापुद्र्यांचे, शिंपल्यासारखे चमकणारे पर्लाइटचे कण असतात. तेंच पोलाद लाल तापवून एकदम पाण्यांत बुडविलें तर कार्बनास बाहेर पडण्यास सवड मिळत नाहीं. तो अणूंच्या चौकटींत कोंडला जातो, व मार्टेन्साइट नांवाची अतिकठीण रचना तयार होते. मऊ कण ताण येतांच किंचित् सरकून तो वांटून घेतात. मार्टेन्साइटांत सरकणें दुष्कर, म्हणून एकदां चीर पडली कीं ती आरपार जाते.

कुशल लोहार पाणी देऊन थांबत नाहीं. तो धार पुन्हां मंद आंचेवर धरितो, व पिवळसर-तपकिरी छटा चढतांच काढून घेतो. कठीणपणा थोडा घटतो, पण चिवटपणा पुष्कळ वाढतो. मोडक्या विळ्यास हीच दुसरी आंच मिळाली नव्हती.

आतां पालकांसाठीं. वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथें उठणाऱ्या घरांतले टी.एम.टी. गज याच युक्तीनें बनतात. कारखान्यांत तप्त गजावर पाण्याचा जोरदार मारा करितात. बाहेरची साल मार्टेन्साइट होते, गाभा मात्र तप्तच राहतो. मग गाभ्याचीच उष्णता बाहेर येऊन सालीस शेकते. असें बाहेर बळकट कवच व आंत चिवट गाभा सिद्ध होतो. अतिभार आला तर अशा गजाची तुळई आधीं वांकते, भेगा दाखविते, माणसांस बाहेर पडण्यास अवसर देते. ठिसूळ गज तो अवसर देत नाहीं.

भारतीय मानक १७८६ यांत 'एफ.ई. ५००' व 'एफ.ई. ५०० डी' असे दोन प्रकार आहेत. दोन्हींनीं दर चौरस मिलिमीटरास ५०० न्यूटन ताण सोसला पाहिजे. परंतु तुटण्यापूर्वीं पहिल्यानें शेंकडा किमान १२, तर दुसऱ्यानें १६ लांबलें पाहिजे. पोलादास ठिसूळ करणाऱ्या फॉस्फरस व गंधकाची मर्यादाहि दुसऱ्यांत अधिक कडक आहे. बळाचा आकडा एकच. फरक आहे तो तुटण्याच्या रीतीचा.

म्हणून गज केवळ भाव पाहून घेऊं नयेत. गजावरचें मानकचिन्ह व प्रकार वाचावा, दुकानदाराकडे चाचणीचें प्रमाणपत्र मागावें. गज ज्योतीनें तापवून वांकवूं देऊं नये, कारण त्या आंचेनें कवचाचें बळ जातें. कोणी म्हणेल, गरिबास एवढी चौकशी कोठून परवडणार? पण विचारण्यास पैसा पडत नाहीं, आणि आयुष्याची पुंजी एकाच घरांत घालणाऱ्या गरिबासच ती अधिक अवश्य आहे.

तो मोडका विळा व तो वांकलेला तुकडा आम्हीं प्रयोगशाळेच्या कपाटांत शेजारीं ठेविले आहेत. लोखंड दोहोंचें एकच. गज खरेदीस निघण्यापूर्वीं पालकांनीं एकवार येऊन ते पाहावेत, अशी आमची विनंती आहे.