झुडपें कुटणारें यंत्र व आपल्या पडीत जमिनी

उभें झुडूप जागच्या जागीं कुटून त्याचा भुसा करणारें यंत्र अलीकडे आपल्या भागांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यांत वारंवार येऊं लागलें आहे. वेगानें फिरणाऱ्या लोखंडी रुळावर बसविलेले जाड दात फांद्यांवर व खोडावर आपटतात, त्यांचा चुरा होतो आणि तो तेथेंच जमिनीवर पसरून राहतो. तोडणें, ओढणें, ढीग करणें व जाळणें हीं चारही कामें वांचतात. जे.सी.बी.नें झुडपें उपटतांना वरची सुपीक मातीही मुळांबरोबर निघून धुऱ्यावर जाऊन पडते, तसें येथें होत नाहीं. आणि ज्यांची जमीन सिहार किंवा बर्डी आहे, ज्यांच्याजवळ वीतभर माती हीच काय ती पुंजी, त्यांस हा फरक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तेव्हां यंत्र उपयुक्त आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु ज्या उत्साहानें तें बोलाविण्याची भाषा होऊं लागली आहे, तो उत्साह दोन ठिकाणीं घसरतो, असें आमचें मत आहे. एक दप्तरांत, आणि दुसरें जमिनीखालीं.

त्यापूर्वीं यंत्राविषयीं एक शब्द. चित्रफितींत जें यंत्र मांडीएवढें खोड बघतां बघतां गिळून टाकतें, तें परदेशांतील जंगलकामासाठीं बनविलेलें अवजड यंत्र असतें. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें मल्चर म्हणून जें मिळतें, तें मुख्यतः धानाचें तणीस, पऱ्हाट्या व हलकें झुडूप यांसाठीं असतें. आपले बहुतेक ट्रॅक्टर पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीचे. त्यांच्या मागें जंगलकामाचें यंत्र जोडूं पाहणें म्हणजे गोऱ्ह्याच्या मानेवर भरल्या गाडीचें जूं ठेवणें होय. मनगटाएवढ्या खोडापर्यंतचें काम लहान यंत्रावर सोपवावें. त्याहून जाड असेल तें कुऱ्हाडीनें अगोदर काढावें.

आतां दप्तराची गोष्ट. ज्याचें आयुष्य तहसील कचेरींत फेरफार उतरविण्यांत व नकला तपासण्यांत गेलें, त्यास झाडाअगोदर कागद दिसतो, याबद्दल वाचकांनीं रागावूं नये. झुडपांनीं भरलेली जमीन डोळ्यांना एकसारखी दिसते. दप्तरांत ती एकसारखी नसते. एक तुकडा आपल्या सातबाऱ्यांत पडीत म्हणून लागलेला असतो. त्याच्या शेजारचा, तेवढाच उजाड व तेवढाच कांटेरी तुकडा सरकारचा असून त्यापुढें ‘झुडपी जंगल’ असा शेरा असतो. तिसरा तुकडा निस्तारपत्रकांत गुरचरणीला किंवा सरपणाला राखलेला असतो. मध्यें कुंपण नाहीं, कधीं धुराही नाहीं. यंत्राच्या चालकाला हा फरक कळण्याचें कारण नाहीं. तो तासाच्या हिशेबानें आलेला असतो, आणि जेथवर बोट दाखवाल तेथवर तो जातो.

झुडपी जंगल हा आपल्या पूर्व विदर्भाचाच खास शब्द आहे. मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेल्या दप्तरांत हलक्या, बिनवहिवाटीच्या, झुडपांनीं व्यापलेल्या जमिनीस हें नांव मिळालें. सन १९५६ त विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० त महाराष्ट्र झाला, पण शेरा तसाच राहिला. पुढें १९८० सालीं वनसंरक्षणाचा कायदा झाला आणि हें वन आहे कीं महसुली पडीत, हा वाद दशकानुदशकें चालला. शाळा, घरें, दवाखाने, स्मशानें या जमिनींवर उभीं राहिलीं, शेतेंही झालीं. अखेर २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ति ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठानें, निर्णय दिला. गोदावर्मन प्रकरणांतील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणें नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल हें वनच समजावयाचें, असा तो निर्णय आहे. वादाखालीं असलेलें क्षेत्र ८६ हजार हेक्टरांहून अधिक होतें. त्या तारखेपूर्वीं सक्षम अधिकाऱ्यानें ज्या जमिनी वांटून दिल्या, त्यांच्यासाठीं राज्य सरकारनें केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट न्यायालयानें मोकळी ठेवली. त्यानंतरच्या वांटपाचीं मात्र कारणें द्यावीं लागणार आहेत.

या निर्णयांतील एक बाब आपल्या कामाची आहे. तीन हेक्टरांहून लहान व वनाला लागून नसलेले झुडपी जंगलाचे तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करावे, असें न्यायालयानें सांगितलें. हे लहान तुकडे म्हणजे काय, तें गांवच्या माणसास नकाशावांचून समजतें. आपल्या बांधीच्या वरच्या अंगाला, तळ्याच्या पाळीमागें, पांदणीच्या कडेला जी एक-दोन एकरांची रान माजलेली पट्टी असते, तीच ती. तेथेंच यंत्र नेण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. कुऱ्हाड घेऊन चार दिवस खपणारा मनुष्य वाटेंत एकदां तरी कोणाच्या तरी दृष्टीस पडतो व हटकला जातो. यंत्र तीच पट्टी एका दुपारींत सपाट करतें आणि विचारणा होईपर्यंत काम संपलेलें असतें. नंतर जें प्रकरण उभें राहतें, तें वनकायद्याखालीं राहतें, व त्यांत जमीन तर मिळत नाहींच, उलट ट्रॅक्टरही अडकून पडतो.

म्हणून यंत्र बोलाविण्यापूर्वीं तलाठ्याकडून, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें, चालू सातबारा व गांवनकाशा पाहून घ्यावा; हद्द अस्पष्ट असेल तर भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. हद्दीचे दगड झुडपांतच दडलेले असतात. त्यांना चुना लावून व बांबू रोवून ठेवावें. कारण दगड यंत्राखालीं गेला तर दांतेही तुटतात आणि शेजाऱ्याशीं असलेला सलोखाही तुटतो. हद्दीच्या खुणा नष्ट करणें हा जमीन महसूल संहितेप्रमाणें दंडास पात्र अपराध आहेच. आपल्या मालकीच्या जमिनींतही सर्वच झाडांवर आपला हात चालत नाहीं. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, ऐन, बिजा, हळदू, तिवस इत्यादि झाडें १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यांत आहेत व त्यांना परवानगी लागते. मोहाच्या झाडाविषयीं तर कायदा नसता तरी आम्ही हेंच लिहिलें असतें.

आतां जमिनीखालची गोष्ट, जी आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे.

तेंदूपानाचा हंगाम आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. हंगामापूर्वीं, फेब्रुवारी-मार्चमध्यें तेंदूचीं झुडपें छाटतात. तीं मरावींत म्हणून नव्हे. बुंध्यापासून व मुळांपासून नवे कोंब जोमानें फुटावेत आणि मेमध्यें मोठें, कोंवळें पान मिळावें म्हणून. जमिनीवरचा भाग कापल्यानें झुडूप मरत नाहीं, उलट जोर धरतें, हें ज्ञान आपल्या जिल्ह्यांत बिडीच्या धंद्याइतकें जुनें आहे. आणि कुटणारें यंत्र करतें तें काय? जमिनीवरचा भाग कापतें. पळस, बोर, घोट, तेंदू हीं सर्व खुंटापासून फुटणारीं झाडें. ज्यानें मार्चांत पांच एकर साफ केले, त्यास जुलैंत एका खोडाच्या जागीं सहा फुटवे दिसले, तर त्यांत नवल मानूं नये.

आपल्याकडे रायमुनिया म्हणतात त्या घाणेरीची हीच कथा आहे, फक्त अधिक चिवट. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनीं कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पांत घाणेरी काढण्याची जी रीत बसविली, ती अत्यंत साधी आहे. झुडपाचें मुख्य मूळ जमिनीखालीं थोड्या खोलीवर कुदळीनें तोडावयाचें, झुडूप उलटें करून सुकूं द्यावयाचें, आणि पक्ष्यांच्या विष्ठेंतून जीं नवीं रोपें झाडांखालीं उगवतात तीं पुढें वेंचीत राहावयाचें. मोकळ्या जागीं गवत बसवावयाचें. फुटवा येतो तो खोड व मूळ यांच्या सांध्यापासून, आणि हा सांधा यंत्राच्या दांताखालीं येत नाहीं.

बेशरमीच्या बाबतींत तर यंत्र अपायकारक ठरूं शकतें. तिच्या कांडीचा हिरवा तुकडा ओलाव्यांत पडला कीं मूळ धरतो. तळ्याच्या पोटांत किंवा पाटाच्या कांठीं ती यंत्रानें कुटणें म्हणजे बेणें पसरणें होय. मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनीं ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांस बरोबर घेऊन अर्जुनी मोरगांवाकडील माजी मालगुजारी तळ्यांवर काम केलें. तेथें बेशरम मुळासकट काढली गेली, आणि मग तळ्यांत उपयोगी पाणवनस्पति पुन्हां लावल्या गेल्या. हें काम हातांचें होतें, व तें तसेंच करावें लागतें.

यंत्रबळानें रान हटत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडांत होता त्या काळीं प्रांताच्या उत्तर भागांत कांस गवतानें उत्तम जमिनी गिळल्या होत्या. सन १९४९ मध्यें जागतिक बँकेनें भारतास शेतकी यंत्रांसाठीं एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें, तें मुख्यतः ह्याच कांसाविरुद्ध. मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटनेच्या भारी नांगरांनीं ऐन उन्हाळ्यांत जमीन खोल उलथली, मुळ्या उन्हांत उघड्या पडल्या आणि सुकल्या. यंत्र मुळाशीं पोहोंचलें म्हणून तें काम साधलें.

यावरून आमची सूचना अशी कीं, यंत्राच्या मागें कुदळवाले चालावेत. यंत्र जमिनीशीं घासून न चालवितां थोडें उचलून चालवावें आणि वीतभर खुंट राखावा, म्हणजे मागून येणाऱ्यास मूळ शोधतां येतें. भुशाखालीं गाडलेला सांधा कोणालाच सांपडत नाहीं. यानें खर्च वाढेल हें उघड आहे. परंतु हा खर्च टाळणारास दोन वर्षांनीं यंत्राचें भाडें दुसऱ्यानें भरावें लागेल, आणि भाडें देणाऱ्यास तें परवडत असेल तर आमची हरकत नाहीं.

भुशाविषयीं थोडें. तो जमिनीवर पांघरुणासारखा राहूं द्यावा. माती वाहून जात नाहीं, ओल टिकते. पण त्याच वर्षीं नांगरून मातींत मिसळूं नये. लांकूड कुजतांना मातींतील नत्र त्या कामीं गुंतून पडतें व पीक पिवळें पडतें. बांधीलगत उधईची भीति राहते. आणि जंगलाच्या कांठीं, मोहफुलांच्या दिवसांत पाला जाळण्याची जेथें चाल आहे, तेथें वाळलेल्या भुशाचा जाड थर म्हणजे पसरून ठेवलेलें सरपणच होय. अशा बाजूस दोन-तीन मीटर रुंदीची पट्टी खरडून मोकळी ठेवावी. यंत्र चालू असतां दगड व ढलप्या दूरवर उडतात, यासाठीं गुराखी व मुलें निदान शंभर मीटर दूर ठेवावींत.

लोक यंत्र मागतात त्यामागें रानडुकरांचा त्रास आहे, हें आम्ही जाणतों. रात्रभर मचाणावर बसून राखलेलें धान पहाटे लोळविलेलें दिसलें म्हणजे समोरचें सगळें झुडपी एकदां भुईसपाट व्हावें, असें कोणासही वाटेल. साकोली, लाखांदूर, पवनी या बाजूंच्या गांवांना वाघाचीही धास्ती आहे, आणि ती अनाठायीं नाहीं. तरीही गांवचें झुडपी नाहींसें केल्यानें डुकरें नाहींशीं होतील, हें आम्हांस पटत नाहीं; तीं पुढच्या आडोशाला जातील, आणि सरपण, तेंदूपान, करडांचा चारा व पाळीवरची माती धरून ठेवणारीं मुळें मात्र गांव कायमचें गमावील. भूमिहीनांना त्या पट्टीवांचून दुसरें रान नाहीं. आपल्या स्वतःच्या धुऱ्यालगतची दहा-पंधरा हात रुंद घाणेरी काढून नजर मोकळी करणें हें प्रत्येकाच्या हातचें आहे. पायवाटांच्या कडेची घाणेरी सरकारी जागेंत असेल तर ग्रामसभेनें ठराव करून वनखात्याकडून ती काढून घ्यावी.

आपल्या मंडळानें यंत्र विकत घेण्याची घाई न करतां येत्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत एक यंत्र भाड्यानें आणावें, असें आम्ही सुचवितों. ज्या सभासदाचा सातबारा व हद्द तपासून झाली असेल त्याच्याच जमिनींत तें जावें. प्रत्येकाच्या शेतांत एक एकर मोजून घ्यावा. अर्ध्या एकरांत नुसतें यंत्र फिरवावें, अर्ध्यांत यंत्रामागें कुदळ चालवावी, आणि दोन्हींचा खर्च वेगळा लिहून ठेवावा. पाऊस संपल्यावर आश्विनांत दोन्ही अर्ध्यांतले फुटवे मोजावेत व तो तक्ता या मासिकांत छापावा. यंत्र विकत घ्यावें कीं नाहीं, याची चर्चा त्यानंतरच्या सभेंत ठेवावी.