अणू कोणता, परमाणू कोणता?

नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी वसलेले कामठी हे मूळचे छावणीचे गाव. १८२१ साली इंग्रजांनी येथे लष्करी तळ उभारला आणि त्यामागोमाग देशाच्या अनेक भागांतून माणसे आली. मराठी आणि हिंदी बोलणारी घरे येथे शेजारी शेजारी नांदतात. मुले एकत्र खेळतात. शाळेत मात्र माध्यमानुसार त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. विज्ञानाचे पुस्तक उघडले की हे वेगळेपण विचित्र रूप घेते.

मराठी माध्यमाचा विद्यार्थी मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला 'अणू' म्हणतो आणि अणूंच्या जोडणीला 'रेणू'. शेजारच्या हिंदी माध्यमाच्या मुलासाठी पहिला 'परमाणु' आणि दुसरा 'अणु'! मराठीत 'पेशी' हा सजीवाचा मूलभूत घटक; हिंदीत तिला 'कोशिका' म्हणतात, आणि तेथे 'पेशी' म्हणजे मराठीतला स्नायू. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून मराठीत 'क्षार' तयार होतो, तर हिंदीत 'लवण'. हिंदीतील 'क्षार' हा आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. ही दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तके राज्याचे एकच मंडळ छापते, हे विशेष.

संस्कृत ही सर्व भारतीय भाषांची समान शब्दखाण आहे, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु खाण एक असली, तरी नाणी जुळली नाहीत तर व्यवहार कसा चालावा? याच कामासाठी डॉ. रघुवीर यांनी आयुष्य वेचले. लाहोरहून नागपूरला आलेल्या या विद्वानाने, हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या तत्कालीन मध्य प्रांतात बसून, साऱ्या भारतीय भाषांना चालेल अशा परिभाषेचा प्रचंड प्रपंच मांडला. संविधान सभेचे सदस्य आणि पुढे भारतीय जनसंघाचे अध्यक्ष राहिलेल्या रघुवीरांचे १९६३ साली अपघाती निधन झाले. त्यांचे 'जारक', 'प्रांगार' यांसारखे शब्द रुळले नाहीत. ऑक्सिजन आणि कार्बनच टिकले. त्यावरून त्यांची थट्टाही झाली. परंतु समान परिभाषेची त्यांची मूळ मागणी आजही तितकीच रास्त आहे.

इंग्रजी शब्द आपोआप सोपे असतात, हाही भ्रमच. 'क्लोरोफिल' हा ग्रीक भाषेतून घडवलेला शब्द. 'हिरवे पान' हा त्याचा अर्थ इंग्रजी मुलालाही उमगत नाही. 'हरितद्रव्य' म्हटले की कामठीतील पाचवीच्या मुलालाही अर्धा धडा कळतो. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्लजनक. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या लाव्हाझिएच्या चुकीच्या समजुतीतून ते नाव पडले. नाव चुकले, पण अनेक भाषांनी ते स्वीकारले, म्हणून विज्ञान अडले नाही.

खरी हानी पुढे होते. दहावीपर्यंत कष्टाने आत्मसात केलेली ही शब्दसंपदा अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच निरुपयोगी ठरते, कारण तेथे अध्यापन इंग्रजीतून चालते. बुद्धी असूनही केवळ शब्द परका म्हणून वर्गात मागे पडणारी मुले बहुधा सामान्य घरांतलीच असतात. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र दोन वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला त्या सोयीचा उपयोग किती?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला, हे स्वागतार्हच आहे. त्या घोषणेला कृतीची जोड हवी. विज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या शेवटी मराठी, हिंदी आणि इंग्रजी संज्ञांचा तीन रकान्यांचा तक्ता छापणे, हे त्यातील पहिले आणि अल्पखर्चाचे पाऊल. ज्या शब्दांचे अर्थ परस्परांत अडकतात, त्यांवर ठळक खूण असावी. अकरावीचे पहिले काही तास शिक्षकांनी या तक्त्यालाच द्यावेत. त्यानंतर दोन्ही भाषांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून समान संज्ञा ठरवाव्यात. तेथे मराठीनेही हट्ट धरू नये. कणादाच्या परंपरेत पदार्थाचा अंतिम अविभाज्य कण 'परमाणू'च आहे, आणि आयुर्वेदातील 'क्षार' हा हिंदीतील अर्थालाच जवळचा आहे.

भाषेचा अभिमान मिरवणुकीत दिसतो. त्याची परीक्षा मात्र वर्गात होते. कामठीच्या दोन शेजारी मुलांना एकमेकांचे विज्ञान समजले, तरच ती परीक्षा उत्तीर्ण झाली असे म्हणता येईल.